पाहा : अंक ३१

शिवयोगी हत्तुरे यांनी उभ्या आयुष्यात कोणतीही गोष्ट मधूनच सुरू केली नव्हती. वर्तमानपत्र हातात आलं की ते वरच्या कोपऱ्यातल्या तारखेपासून वाचायला घेत आणि शेवटच्या पानाच्या तळाशी मुद्रकाचं नाव येईपर्यंत सोडत नसत. बाळीवेशीतले त्यांचे शेजारी तर म्हणायचे, की अण्णांना सर्दी झाली तरी आधी डावी नाकपुडी, मग उजवी. यात अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती.

माणसाचा असा स्वभाव घरच्यांच्या मुळावर येतो, पण नोकरीत कधीकधी खपून जातो. सोलापुरातल्या एका निमसरकारी कचेरीत शिवयोगी अठ्ठावीस वर्षं रेकॉर्ड सांभाळत होते. एकोणीसशे पन्नास सालचं सतरंज्यांच्या खरेदीचं बिल मागा, चहा गार व्हायच्या आत ते हजर. त्यांच्या खोलीतून कागद बाहेर जायचा तो चिठ्ठीवर, परत यायचा तो चिठ्ठीवर, आणि आतल्या प्रत्येक कागदाला भोक पाडून, नाडी ओवून, गाठ मारलेली असायची. नाडीत न ओवलेला कागद दिसला की त्यांना उघड्या डोक्यानं फिरणारा माणूस दिसल्यासारखं व्हायचं.

पंच्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी त्यांच्या आईच्या, चंद्रव्वांच्या, डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला असल्याचं सांगितलं. ऑपरेशन करायचं. मग आठ दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही, खोकायचं नाही, हसायचंसुद्धा नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या चंद्रव्वांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी येऊन एकच शब्द उच्चारला.

"ब्याड."

कानडीतला हा नकार त्या घरात शेवटचा असे. शिवयोगींच्या बायकोनं, महादेवीनं, तरी एक प्रयत्न करून पाहिला. "अव्वा, आम्ही रोज वाचून दाखवू की. पुराण वाचू."

"पुराणातलं समदं मला ठावं हाय. कोण मरतंय, कोण वाचतंय. आंधळ्यागत पडून पुन्यांदा तेच कशाला ऐकू?"

आता त्याच दिवशी शिवयोगी कुर्डुवाडीच्या शाखेची तपासणी करून परतले होते. गाडी तीन तास उशिरा. बाकावर अंथरायला म्हणून त्यांनी स्टॉलवरचं सगळ्यात स्वस्त छापील काहीतरी घेतलं होतं, आणि पैसे देऊन घेतलेला कागद टाकून द्यायला जीव होत नाही म्हणून पिशवीत घालून आणलं होतं. ते 'कप्तान वादळ' नावाचं चित्रकथांचं पाक्षिक होतं, अंक एकशे त्रेसष्टावा. वातावरण जरा हलकं करावं म्हणून ते म्हणाले, "मग हे वाचू का?"

इथे ते गप्प बसले असते तर पुढचं काही झालं नसतं.

चंद्रव्वांनी अंक खिडकीशी नेऊन उजव्या, म्हणजे बऱ्यापैकी चालणाऱ्या डोळ्याला टेकवला. मुखपृष्ठावर गलबताच्या शिडावर एक दांडगा गडी तलवार उपसून उभा होता. त्याच्या डाव्या डोळ्यावर काळी पट्टी होती.

"ह्याच्या डोळ्याला काय झालं?"

शिवयोगींनी चष्मा लावून शोध घेतला. तिसऱ्या पानावर, चित्राच्या खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलं होतं : डोळ्याची हकीकत, पाहा अंक ३१.

"एकतिसाव्या अंकात आहे म्हणे."

"मग तो आण. मला एवढंच बघायचंय, ह्याचा डोळा दुश्मनानं घालवला का डॉक्टरनं. दुश्मनानं घालवला असंल तर जाऊ दवाखान्यात. डॉक्टरनं घालवला असंल तर मी पायरी चढायची न्हाई."

दुसरा कोणताही मुलगा असता तर एकतिसावा अंक शोधायला गेला असता. पण हा मुलगा रेकॉर्डकीपर होता. "अव्वा, एकतिसाच्या आधी तीस असतात," तो गंभीरपणे म्हणाला. "मागचा पत्रव्यवहार न पाहता मधलाच कागद काढून वाचला की घोटाळे होतात. आपण पहिल्या अंकापासून क्रमानं येऊ. आठवड्याचं काम आहे."

महादेवीनं कपाळाला हात लावला. तिचं लग्न होऊन तीस वर्षं झाली होती आणि 'आठवड्याचं काम' या शब्दांचा अर्थ तिला ठाऊक होता.

विजापूर वेशीत इसूफचं रद्दीचं दुकान होतं. पहिले तीन रविवार तिथे पोत्यांवर बसून गेले.

"अण्णा, मेरे कने किलो के हिसाब से मिलता, नंबर के हिसाब से नै," इसूफनं सुरुवातीलाच बजावलं. मग अर्धा दिवस हा गृहस्थ पोती उलटीपालटी करतोय हे पाहून त्याला राहवेना. "पैला नंबर कायकू होना तुमकू? कुठला बी लेव ना. कप्तान तो हर नंबर में बच जाता!"

शिवयोगींनी त्याला क्रमाचं महत्त्व समजावून सांगितलं. इसूफनं ते ऐकून घेतलं, आणि नंतर दुकानावर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला तो पोत्यावर बसलेल्या त्या सद्गृहस्थांकडे बोट दाखवून काहीतरी सांगू लागला. शिवयोगींनी तिकडे पाठ केली.

एक ते सतरा अंक मिळाले, पण मध्ये नववा नव्हता. तो मिळाला हुतात्मा बागेबाहेर, शेंगावाल्याच्या गाडीवर, पुड्यांच्या रूपात. शेंगावाल्यानं अंक फाडून त्याच्या पुड्या वळल्या होत्या आणि त्या भरूनही झाल्या होत्या. रिकाम्या पुड्या द्यायला तो तयार होईना. शेवटी शिवयोगींनी सगळ्याच पुड्या घेतल्या, घरी येऊन शेंगा परातीत ओतल्या आणि कागद इस्त्री करून जोडले. महिनाभर त्या घरात शेंगाचटणीशिवाय दुसरं तोंडी लावणं झालं नाही. एका पानाचा कोपरा तरीही मिळाला नाही, त्यामुळे नवव्या अंकात कप्तानला कड्यावरून ढकलणारा कोण हे कायमचं अंधारात राहिलं. शिवयोगींनी तिथे 'मूळ कागद फाटलेला' असा शेरा मारला आणि मगच पुढे गेले.

एक मात्र झालं. संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला की चंद्रव्वा खिडकीशी येऊन बसू लागल्या. शिवयोगी पान वाचत, मग त्याचं कानडी करत, मग चित्र दाखवत. जरा श्वास घ्यायला थांबले की म्हातारी विचारायची, "मुंद?" म्हणजे पुढं काय. प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानावर चौकटीत 'आतापर्यंत काय घडले' हा मागच्या अंकाचा सारांश असे. कालच वाचलेलं आज पुन्हा वाचायची गरज नव्हती, पण छापलेलं आहे म्हटल्यावर शिवयोगी तोही वाचत. चंद्रव्वांना ती चौकट पाठ झाली होती. चौकट आली की त्या सुपारी कातरून घेत.

शेजारी महिपती राहत होते, कुर्डुवाडीहून निवृत्त होऊन आलेले मालगाडीचे गार्ड. जगातली प्रत्येक अडचण ही डबे चुकीचे जोडल्यामुळे येते, असं त्यांचं मत होतं. त्यांनी 'कप्तान वादळ' कधी हातात धरला नव्हता, म्हणून त्यांना मत द्यायला अडचण नव्हती. "डोळा बाणानं गेला, अण्णा. विषारी बाण. माझा भाचा सांगत होता." कोपऱ्यावरच्या पानवाल्याच्या मते साप थुंकला होता. महादेवीच्या माहेरच्या कुणी सांगितलं, की डोळा गेलेलाच नाही, ते पात्र रंगवणारा चित्रकार कंटाळला म्हणून एक डोळा कमी केला. चंद्रव्वांनी तिघांचंही ऐकून निकाल दिला, "चित्रात दाखवा."

अठरापासूनचे अंक सार्वजनिक वाचनालयात असल्याचं कळलं. शिवयोगी तिथे तीस वर्षांचे सभासद होते, पण चित्रकथा बालविभागात होत्या आणि बालविभागातलं पुस्तक बालसभासदालाच मिळे. शिवयोगींनी नियमावली मागवली आणि तिथेच उभं राहून पहिल्या कलमापासून वाचली.

"यात 'बाल' या शब्दाची व्याख्या दिलेली नाही," ते म्हणाले. "कमाल वयही दिलेलं नाही."

ग्रंथपाल हाही त्याच मातीतला माणूस होता. त्यानं नियमावली घेतली, दोनदा वाचली, घाम पुसला. "नाही खरं. पण अर्जावर पालकाची सही लागते."

"पालक म्हणजे?"

"आई किंवा वडील. हयात असल्यास. समक्ष."

त्यामुळे एका गुरुवारी चंद्रव्वा टांग्यातून वाचनालयात आल्या. बालविभागात मोठी खुर्ची नसल्यामुळे त्यांना वीतभर उंचीच्या बाकावर बसवण्यात आलं. रांगेतली पोरं आळीपाळीनं म्हातारीकडे आणि तिच्या बावन्न वर्षांच्या पाल्याकडे पाहत होती. 'इयत्ता' या रकान्यात शिवयोगींनी 'जुनी मॅट्रिक' लिहिलं. ग्रंथपालानं अर्जातला शेवटचा प्रश्न विचारला. "पाल्याची वर्तणूक?"

"लहानपणी बरा होता," चंद्रव्वा म्हणाल्या आणि अंगठा उठवला.

बालसभासदाला गुरुवारी साडेचार ते साडेपाच या वेळात अंक मिळत. नियमानं एकच, पण पालकांची प्रकृती लक्षात घेऊन ग्रंथपालानं तीन द्यायला सुरुवात केली. दर गुरुवारी शिवयोगी कचेरीतून तासभर लवकर निघत, आणि त्या आणीबाणीच्या वर्षी तर कचेऱ्यांतून शिस्तीच्या पाट्या लागलेल्या. लवकर जायच्या अर्जावर कारण लिहावं लागे. खोटं लिहिणं त्यांच्यानं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी 'बालविभागात हजेरी' असं लिहिलं. साहेबांनी अर्ज मंजूर केला आणि नंतर बराच वेळ त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

तिसावा अंक जानेवारीच्या तोंडावर वाचून झाला. त्यात दारूच्या कोठाराचा स्फोट झाला, कप्तानच्या डोळ्यांत जाळ गेला, आणि गलबतावरच्या डॉक्टरानं काहीतरी शस्त्रं तापवून, उपचार करून, दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली. शेवटच्या चित्राखाली होतं : पट्टी सुटेल तेव्हा कप्तानला काय दिसेल? पुढील अंकी.

चंद्रव्वांनी 'मुंद?' विचारलं नाही. सुपारीसुद्धा तशीच राहिली. शिवयोगींना पहिल्यांदाच वाटलं, की आपण आईला वाचून दाखवायला भलतंच काहीतरी निवडलंय.

पुढच्या गुरुवारी ग्रंथपालानं रजिस्टर उघडून बोट ठेवलं. अंक ३१ : गहाळ.

"बत्तिसावा आहे. त्यात सारांश असतोच की."

"सारांश म्हणजे मूळ कागद नव्हे," शिवयोगी म्हणाले. "सारांशावर निर्णय घेता येत नाही." आणि ते रिकाम्या हातानं बाहेर पडले. मागून एका पोरानं बत्तिसावा अंक मागून घेतला.

महिपतींनी सल्ला दिला, थेट मुंबईला प्रकाशकांना लिहा, गाडी जिथून सुटते तिथेच चौकशी करावी. शिवयोगींनी रीतसर पत्र लिहिलं, खाली वाचनालयाचा बालसभासद क्रमांक घातला आणि उत्तरासाठी कचेरीचा पत्ता दिला. उत्तर पंधरा दिवसांत आलं. कचेरीत येणारं प्रत्येक पाकीट आवक टेबलावर उघडलं जातं, त्यावर शिक्का बसतो आणि नोंद होते. शिवयोगींनी स्वतःच घालून दिलेली पद्धत होती ती. त्यामुळे त्यांच्यापर्यंत पत्र पोचायच्या आधी आवक रजिस्टरात नोंद पोचली होती : 'चि. शिवयोगी यांस. विषय, जुना अंक शिल्लक नसणेबाबत. सोबत, काळी डोळपट्टी, कागदी, नग एक, वर्गणीदार झाल्यास भेट.' पट्टीवरही शिक्का मारला होता. त्या दिवसापासून कचेरीत त्यांना पाठीमागे 'कप्तान' म्हणू लागले, आणि दोन दिवसांनी तोंडावर.

शिवयोगींना राग येत होता, पण कुणावर काढावा हे कळत नव्हतं. आपण कुणाचं काय वाईट केलं होतं? एक माणूस एक गोष्ट पहिल्यापासून शेवटापर्यंत वाचू पाहतो, आणि सबंध गाव त्याच्या आड येतं! त्या रात्री जेवताना ते महादेवीवर ओरडले. ती शांतपणे म्हणाली, "बत्तीस आणला असता तर एव्हाना पट्टी सुटून टाकेसुद्धा निघाले असते अव्वांचे." हे खरं होतं, म्हणून ते आणखी ओरडले.

मग एका बुधवारी डॉक्टरांनी चंद्रव्वांना पुन्हा तपासलं आणि शिवयोगींना बाजूला घेतलं. "हत्तुरे, तुम्ही कशाची वाट बघताय? हा आता जास्त पिकलाय. आतल्या आत फुटला तर डोळा कायमचा जाईल. मंगळवारी जागा ठेवतो. त्यानंतर माझी जबाबदारी नाही."

घरी येऊन शिवयोगींनी आईला हात जोडले. आई म्हणाली, "एकतीस आण." त्यांनी सांगितलं, डोळा जाईल. आई म्हणाली, "डॉक्टरकडं जाऊन बी गेला तर?" आणि मग हळूच म्हणाली, "शिवू, मला भ्या वाटतंय रे." अठ्ठ्याहत्तर वर्षांत तिनं हे वाक्य कुणापुढे उच्चारलं नव्हतं.

रात्रभर तळमळून शिवयोगींनी तत्त्व गिळलं. सारांश तर सारांश. दुसऱ्या दिवशी गुरुवारच होता. पण नेमकी त्या दिवशी साहेबांनी सहा वाजेपर्यंत बैठक लावली. शुक्रवारी ते वाचनालयात धावत गेले, तर ग्रंथपाल म्हणाला, "बालविभाग फक्त गुरुवारी. नियम आहे." आणि खेदानं पुढे म्हणाला, "निदान तुम्हाला तरी हे सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं."

शनिवारी कचेरी अर्धा दिवस. शिवयोगी रेकॉर्डच्या खोलीत डोकं धरून बसले होते. शिपाई जोतीराम चहा घेऊन आला. हा माढ्याकडचा, शांत, कामापुरतं बोलणारा माणूस.

"साहेब, काय झालं? म्हातारीला बरं न्हाई व्हय?"

शिवयोगींनी त्याला सगळं सांगून टाकलं. आजवर त्यांनी शिपायाजवळ कधी मन मोकळं केलं नव्हतं.

जोतीरामनं बशी खाली ठेवली. "एकतीस नंबर? साहेब, त्यो तर तुमीच माज्याकडनं घेतलासा की."

"मी?"

"सत्तर साली. मी जिन्यात बसून वाचत हुतो. तुमी आलासा आन् हातातनं वडला. मेमो बी दिलता मला. वाचनालयाचा हुता, माज्या पोरीच्या नावावरचा. तवापास्नं तिला बी पुस्तक देत न्हाईत." मग बशी उचलत तो म्हणाला, "शेवटचं पान राहिलंतं माजं. लई दिस वाटायचं, काय झालं आसंल डोळ्याचं. पर तुमाला कसं इचारायचं?"

शिवयोगींचे कान तापले. त्यांना सगळं आठवलं. जप्त केलेली वस्तू त्यांनी फेकली नव्हती, फेकणं शक्यच नव्हतं. शिस्तभंगाच्या फाइलला सहपत्र म्हणून लावली होती. चौथं कपाट, तिसरा कप्पा. तीन महिने ते रोज त्याच कपाटाला पाठ टेकून 'कप्तान वादळ'च्या चिंतेत बसत होते.

आता कुणीही उठून फाइल काढली असती. शिवयोगींनी मागणीचिठ्ठी घेतली. 'मागणाऱ्याचं नाव : शि. ब. हत्तुरे. कारण : खाजगी.' मग खुर्चीवर सरळ बसून त्यांनी रेकॉर्डकीपर या नात्यानं चिठ्ठी तपासली आणि खाजगी कारणासाठी अभिलेख देता येत नाही असा शेरा मारून ती नामंजूर केली. जोतीराम आ वासून पाहत होता. दुसऱ्या चिठ्ठीवर 'कारण : वैद्यकीय' लिहिलं, ती साहेबांकडे नेली. साहेब घरी निघायच्या घाईत होते. त्यांनी न वाचताच सही केली. देशात शिस्त आली असं म्हणतात ते इतपतच खरं होतं.

दुपारी दोन वाजता बाळीवेशीतल्या त्या दोन खोल्यांत महादेवी, महिपती आणि दारात अवघडून उभा राहिलेला जोतीराम असे सगळे जमले. शिवयोगींनी फाइलची नाडी सोडली. मेमो बाजूला काढला, जोतीरामनं दिलेला खुलासा बाजूला काढला, आणि खाली एकतिसावा अंक होता, सहा वर्षं अंधारात राहून अगदी कोरा करकरीत.

त्यांनी चौकटीपासून वाचायला सुरुवात केली. महिपती म्हणाले, "शेवटचं पान काढा की!" चंद्रव्वांनी त्यांना हातानं गप्प केलं. गलबतावर बंड झालं, ते मोडलं. कप्तान पट्टी बांधलेल्या अवस्थेत तीन जणांना लोळवून आला. मग शेवटचं पान. पानभर एकच चित्र. डॉक्टर पट्टी सोडतोय, पट्टीचं टोक हवेत आहे, आणि कप्तानचा चेहरा समोर. त्याखाली फक्त 'पुढील अंकी' एवढीच अक्षरं.

शिवयोगींनी पाहिलं आणि अंक मिटून घेतला.

"काय झालं? दाव मला," चंद्रव्वा म्हणाल्या. त्यांनी अंक ओढून घेतला, डोळ्याला लावला, समाधान होईना म्हणून चित्रावरून बोट फिरवलं. कप्तानचं कपाळ, नाक, उजवा डोळा. आणि डाव्या डोळ्यापाशी त्यांचं बोट आरपार पलीकडे गेलं.

तिथे गोल, स्वच्छ, नेमकं भोक होतं.

"हे भोक कुणी पाडलं?"

जोतीराम जमिनीकडे पाहू लागला. अठ्ठावीस वर्षांत कचेरीतल्या प्रत्येक कागदाला भोक पाडणाऱ्या माणसानं मान खाली घातली.

"मी, अव्वा. नाडी ओवायला."

"म्हंजे डोळा तू फोडलास?"

"होय."

"डॉक्टरनं न्हाई?"

"नाही."

चंद्रव्वांचे खांदे आधी हलू लागले. मग त्या तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. ऑपरेशननंतर हसायचं नाही म्हणून सगळं आधीच उरकून घेतल्यासारख्या हसल्या. दम लागल्यावर म्हणाल्या, "कारकुनानं फोडलेला डोळा! आन् मी उगं डॉक्टरला भितीया. महादेवी, मंगळवारचा टांगा सांग."

ऑपरेशन झालं. चंद्रव्वा पट्टी बांधून, वाळूच्या पिशव्यांच्या मध्ये पडून राहिल्या. गुरुवारी साडेचार वाजता शिवयोगी बालविभागाच्या रांगेत पहिले होते. बत्तिसावा अंक घेऊन ते थेट दवाखान्यात गेले, स्टूल ओढलं, पहिलं पान उघडलं आणि सवयीनं चौकट वाचायला तोंड उघडलं.

चौकटीत लिहिलं होतं : 'डॉक्टरांच्या हातून शस्त्रक्रिया फसल्यामुळे कप्तानचा डावा डोळा कायमचा निकामी झाला आहे.'

आजूबाजूच्या खाटांवरचे पट्टीवाले कान देऊन पडले होते. शिवयोगींनी घसा खाकरला. ज्या माणसानं पुड्यांचे कागद इस्त्री करून वाचले होते, मुद्रकाचा पत्तासुद्धा कधी गाळला नव्हता, त्यानं ती चौकट अंगठ्यानं झाकली आणि पहिल्या चित्रापासून सुरुवात केली.

"आज ते 'आतापर्यंत' न्हाई वाचलंस?" पट्टीखालून आवाज आला.

"ह्या अंकात छापायचं राहिलंय, अव्वा."

"हां. मुंद?"

अंक पुढे त्या खोलीत खाटेखाटेवर फिरला, शेवटी चंद्रव्वांच्या सामानातून घरी आला आणि वाचनालयात परत जायचा राहिला. दीड महिन्यानं वाचनालयाचं पत्र आलं, पालकांच्या नावे : आपल्या पाल्यानं अंक परत केला नसून त्यास समज द्यावी. त्याच सकाळी चंद्रव्वांचा जाड भिंगांचा चष्मा तयार होऊन आला होता. महादेवीनं पत्र वाचून दाखवलं. चंद्रव्वांनी चष्मा लावला आणि पाल्यानं बुडवलेला तो अंक मागून घेतला. शिवयोगी दाढी करत होते. आरशातून त्यांना दिसलं, की आई खिडकीशी बसून अंक हातभर लांब धरून पाहतेय. लांब धरून. नाकाला न लावता.

"शिवू, हितं ये. ही चौकट हाय की. छापायची राहिली म्हणालतास."

साबण लावलेल्या अर्ध्या तोंडानं शिवयोगी तिथेच उभे राहिले. खोटी नोंद केल्याबद्दल उभ्या आयुष्यात ते पहिल्यांदाच पकडले गेले होते, आणि त्यांना इतका आनंद झाला होता, की अर्धी दाढी तशीच सोडून त्यांनी वस्तरा खाली ठेवला.

"सापडलो, अव्वा."

"मग बस हितं," चंद्रव्वा म्हणाल्या. त्यांनी अडकित्ता जवळ ओढला. "आता भ्या न्हाई. पहिल्यापासनं वाच."